पाळीव सोबती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही फोंड्याला असतो. मुलाच्या हट्टापायी अॅक्सोलोटलसाठी (पाण्यातच राहणारा सॅलमँडर, बेडकाचा नातेवाईक) ८० लिटरची टाकी मांडली आहे. पाणी घरच्याच विहिरीचं, म्हणजे क्लोरीनचा प्रश्न नाही. स्पंज फिल्टर चालू करून, त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून अमोनिया घालायला लागले त्याला पाच आठवडे झाले. आधी अमोनिया उतरत होता, नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं करतात ते, तेही विषारीच) चढलं होतं. आता दोन्ही अडून बसलेत. दुकानदार म्हणतो, पाणी काचेसारखं आहे, प्राणी सोडून टाका. सोडू का?

उत्तर: सोडू नका. अमोनिया विषारी, पण डोळ्यांना दिसत नाही. माझा पहिला अॅक्सोलोटल मी असाच बाराव्या दिवशी, नितळ पाणी बघून सोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे पिसांसारखे कल्ले टोकाशी पुढे वळलेले होते, त्रासाची खूण. मग महिनाभर रोज पाणी बदलत बसले.

तुमची गोम बहुधा विहिरीतच आहे. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ. डाळ छान शिजते, पण टाकीत तेच नडतं. अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यातली क्षारता (आम्लाला थोपवणारे विरघळलेले क्षार, मऊ पाण्यात ते कमीच) खातात, १ ग्रॅम अमोनियाला साधारण ७ ग्रॅम. ती संपली की पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) कोसळतो, आणि ६च्या आसपास जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. आज पीएच मोजा. खाली आला असेल तर अर्धं पाणी बदला (साचलेलं नायट्राइटही उतरेल) आणि एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा विरघळवून घाला. प्राणी आत नाही तोवरच हा प्रयोग, बरं का.

कायमचा उपाय तुमच्या कचऱ्याच्या बादलीत आहे: तिसऱ्यांच्या शिंपल्या. त्या हळूहळू विरघळून क्षारता भरून काढतात. उकळा, ब्रशने घासा, उन्हात वाळवा आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ टांगा. तळाशी मोकळ्या टाकू नका; तोंडात मावेल ते अॅक्सोलोटल गिळतो. खडीही त्याचसाठी नको.

चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आत्ता बंदच ठेवा. २८ अंश जिवाणूंना मानवतं. २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की मोठा पाणीबदल करून नायट्रेट (नायट्राइटचं शेवटी होतं ते) २० पीपीएमच्या खाली आणा, चिलरने पाणी हळूहळू १६ ते १८ अंशांवर न्या, आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. थंडीत जिवाणू मंदावतात.

चिलर घेतलाच नसेल, तर प्राणीही घेऊ नका. मे महिन्यात मी टाकीवर टेबलफॅन लावून पाहिला. आपल्या दमट हवेत पाणी जेमतेम एक अंश उतरलं. मग बर्फाच्या बाटल्या. रात्री तीनला गजर लावून उठायचं, बाटली बदलायची, आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेलेली.




अॅक्सोलोटल मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला, आपल्या पावसाळी तळ्यातला नव्हे. मुलाला तोवर रोजची मोजणी वहीत लिहायला लावा. हट्ट त्याचा आहे ना!