पेरूच्या पानांचा काढा जुलाब थांबवतो का, हे उंदरांवर कसं तपासतात?

एरंडेल पाजून उंदरांना मुद्दाम जुलाब करवतात आणि आधी काढा दिलेल्या उंदरांना ते कमी होतात का, हे मोजतात. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांतली ही नेहमीची पद्धत आहे. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यात सुटं होतं आणि आतड्याची हालचाल वाढवतं. उपाशी ठेवलेल्या उंदरांचे गट पाडतात: एकाला नुसतं पाणी, एकाला जुलाब थांबवणारं लोपेरामाइड हे औषध (तुलनेसाठी हे हवंच), बाकीच्यांना काढ्याच्या चढत्या मात्रा. थोड्या वेळाने सगळ्यांना एरंडेल. मग पिंजऱ्याखाली कागद अंथरून साधारण ४ तास ओल्या लेंड्या मोजत बसायचं. दुसऱ्या चाचणीत कोळशाची पूड पाजून ती आतड्यात किती अंतर पुढे गेली ते पट्टीने मोजतात. त्यासाठी उंदराचा जीव घ्यावा लागतो, म्हणून प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी मला केवळ कागदी सोपस्कार वाटत नाही.

पण एरंडेलाचे जुलाब म्हणजे संसर्ग नव्हे. रोटाव्हायरस किंवा ई. कोलायमुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल ही चाचणी फारसं सांगत नाही. तिथे जंतू आतड्याच्या पेशींना चिकटतात का, त्यांचं विष कमी होतं का, हे वेगळं पाहावं लागतं. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने पेरूच्या पानांवर तसं काम केलं आहे. घरात मूल आजारी असेल तर काढ्याच्या भरवशावर थांबू नका, आधी ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना विचारून झिंक द्या.