मुलीची फी, बापाची पॉलिसी आणि हातात उरलेले बारा दिवस

पत्र कळव्याहून आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: "वय ५१. रबाळे एमआयडीसीत नोकरी, ५८ ला निवृत्ती. वार्षिक पगार ११ लाख ९० हजार, हातात महिना ८४ हजार. घराचा हप्ता २१ हजार, अजून चार वर्षं. पीएफमध्ये ३१ लाख. मुलगा दहावीत. मुलीने यंदा बीएएमएमसी, म्हणजे मास मीडियाची पदवी केली, तिला पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात जायचंय. अंधेरीच्या एका खासगी संस्थेत पीआर आणि कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा दोन वर्षांचा कोर्स आहे, फी साडेनऊ लाख. सुरुवातीलाच ८ लाखांचं पॅकेज मिळतं असं तिथल्या समुपदेशक म्हणाल्या. शैक्षणिक कर्ज काढू की पीएफमधून पैसे काढू?"

प्रश्न सरळ आहे. पण पत्राच्या तळाशी, आभार मानायच्या जरा आधी, दोन वाक्यं आहेत. "मुलीच्या शिक्षणासाठी १५ वर्षांपूर्वी घेतलेला चाइल्ड प्लॅन एप्रिलमध्ये मॅच्युअर झाला, १० लाख ९० हजार आले. ते बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्याने सुरक्षित ठिकाणी गुंतवले आहेत, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही."

साहेब, हे मी तीनदा वाचलं. मुलीच्या शिक्षणासाठी पंधरा वर्षं पैसे भरले. ज्या वर्षी शिक्षणाचा खर्च आला त्याच वर्षी पैसेही हातात आले. आणि आता त्या पैशांना हात लावायचा नाही म्हणून कर्ज की पीएफ, असा प्रश्न!

मी तुम्हाला लगेच मेल केला, कागद मागवले आणि त्याच संध्याकाळी फोन केला. हे उत्तर इथे येईपर्यंत थांबलो असतो, तर मुदत हातची गेली असती. फोनवर जे बोललो ते आता सगळ्यांसाठी लिहितो, कारण याच पॉलिसीची सख्खी भावंडं माझ्या टेबलावर दर महिन्याला येतात.

"सुरक्षित ठिकाण" म्हणजे एक गॅरंटीड इन्कम प्लॅन. वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे. बाराव्या वर्षापासून वीस वर्षं दरसाल १ लाख ८० हजार मिळणार आणि शेवटी भरलेले २० लाख परत. पहिला हप्ता गेला आहे. उरलेले ८ लाख ९० हजार त्याच बँकेत एफडीत, "पुढच्या हप्त्यांची सोय" म्हणून. मॅडमनी कागदावर पेनाने हिशोब करून दिला आहे, त्याचा फोटो तुम्ही पाठवलात: २० लाखांवर १.८० म्हणजे ९ टक्के, गॅरंटीड, वर मुद्दल परत. नऊच्या भोवती गोल काढला आहे.

तो गोल खोटा आहे. तुमचा पहिला पैसा आज गेला आणि पहिला परतावा येणार तुम्ही ६३ वर्षांचे झाल्यावर. मधली बारा वर्षं हिशोबात धरायलाच मॅडम विसरल्या. ती धरली की हा प्लॅन वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास देतो. पीएफचं व्याज २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होतं. म्हणजे सव्वाआठवाला पैसा काढून फी भरायची आणि साडेपाचवाला जपून ठेवायचा, असा तुमचा बेत आहे.

आणि शेवटचे २० लाख? ते येतील तेव्हा तुमचं वय ८२. महागाई सहा टक्के धरली तर त्या २० लाखांची आजची किंमत सव्वातीन लाख. ६३ व्या वर्षी सुरू होणारे १ लाख ८० हजार आजच्या भावात महिन्याला साडेसात हजार. कळव्यात दोन माणसांचा किराणा आणि विजेचं बिल यातच ते संपतील.

आता हप्त्यांचं बघू. ५१ ते ६० या वयात दहा हप्ते. नोकरी ५८ ला संपते. शेवटचे तीन हप्ते, म्हणजे ६ लाख, कुठून भरणार? ग्रॅच्युइटीतून, असं तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणजे निवृत्तीचे पैसे भरून निवृत्तीचे पैसे मिळवायचे.

मॅडमचा दुसरा मुद्दा करबचतीचा. "पॉलिसीवर ८०सी मिळेल, मुलीच्या कर्जाच्या व्याजावर ८०ई मिळेल, दोन्हीकडून फायदा." अहो, ८०सी आणि ८०ई या दोन्ही वजावटी जुन्या करप्रणालीत. तुम्ही नव्या प्रणालीत आहात. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. तुमचा पगार ११ लाख ९० हजार. जो कर तुम्ही भरतच नाही, तो वाचवणार कसा?

अजून एक गोष्ट, आणि ही वाचून मला खरोखर राग आला. प्रपोजल फॉर्मच्या कॉपीत तुमचं वार्षिक उत्पन्न १८ लाख लिहिलं आहे. अक्षर तुमचं नाही, सही तुमची आहे. उत्पन्न जास्त दाखवलं की मोठा हप्ता झेपतो असं दिसतं आणि कंपनीत प्रश्न विचारले जात नाहीत. उद्या दाव्याच्या वेळी ही चुकीची माहिती तुमच्या माथी येणार, मॅडम तोवर दुसऱ्या शाखेत गेलेल्या असतील.

जुन्या चाइल्ड प्लॅनबद्दल फार बोलत नाही, झालं ते झालं. वर्षाला ४८ हजार, पंधरा वर्षं, आले १० लाख ९० हजार. पाच टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये भरले असते तर साडेतेरा लाखांच्या जवळ गेले असते. तो प्लॅन तुमच्या साडूंनी विकला होता, म्हणून घरात हा विषय काढू नका.

तर करायचं काय. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात, आणि २०२४ च्या नियमांपासून ही मुदत ३० दिवसांची आहे. तुमची पॉलिसी मेलवर आली ९ जूनला. तुमचं पत्र मला मिळालं २७ जूनला. बारा दिवस शिल्लक होते. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. बँक फक्त विकते. "मला पॉलिसी फ्री-लूकमध्ये रद्द करायची आहे", एवढं एक वाक्य, पॉलिसी क्रमांक, तुमच्या खात्याचा कॅन्सल चेक. मेल करायचाच, शिवाय कंपनीच्या ठाण्यातल्या शाखेत जाऊन कागदावर शिक्का घ्यायचा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत कापून बाकीचे पैसे परत येतात. मॅडमचा फोन येईल, "सर, वरून स्पेशल ऑफर आलीय", कदाचित घरीही येतील. चहा द्या. सही देऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहायचं, तरी हललं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर.

विमा मात्र लागेलच. जुन्या प्लॅनचं कव्हर संपलं, नव्याचं परत जाणार. गृहकर्ज आहे आणि मुलगा दहावीत आहे. ६० व्या वर्षापर्यंत ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन घ्या. तब्येत आणि सवयींप्रमाणे हप्ता वर्षाला वीस हजारांच्या आसपास असावा. त्यातून काहीच परत मिळत नाही, हे बायकोला आधीच सांगून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न.

पीएफला हात नाही. साडेनऊ लाख आज काढले, तर निवृत्तीला साडेसोळा लाख कमी दिसतील. शिवाय पीएफसोबतची ईपीएसची पेन्शन १५ हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते, म्हणून तुम्हाला महिन्याला पाच-सहा हजारांच्या वर फारसं काही येणार नाही. म्हातारपणी जेवायचं ते या ३१ लाखांवरच.

पूर्ण फीचं कर्जही नको. साडेसात लाखांच्या वर बँका बहुतेक वेळा तारण मागतात आणि तुमचं घर आधीच गहाण आहे. साडेदहा टक्क्यांनी साडेनऊ लाख घेतले, कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष व्याज भरलं नाही, तर फेड सुरू होईल तेव्हा आकडा साडेबारा लाख. सात वर्षांचा हप्ता महिना एकवीस हजार.

तो हप्ता मुलगी भरणार ८ लाखांच्या पॅकेजमधून, असं तुम्ही धरलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या घरांतल्या चार-पाच मुली पीआरमध्ये आहेत, त्यांच्या पगाराच्या स्लिपा मी पाहिल्या आहेत. मुंबईच्या एजन्सीत नवख्या मुलीला हातात २२ ते ३० हजार. त्यात कंपनीची दुष्टाई नाही, धंदाच तसा आहे. ग्राहक कंपनी एजन्सीला महिन्याची ठरावीक रक्कम देते, रिटेनर. समजा दोन लाख. त्यातून लोअर परळच्या ऑफिसचं भाडं, वरिष्ठांचे पगार, नफा, आणि उरलेल्यात खालची दोन-तीन पोरं, जी अशाच आणखी तीन ग्राहकांचं काम करतात. सकाळी सातला उठून पेपर आणि पोर्टलं चाळायची, ग्राहकाचं नाव कुठे आलंय ते कापून साडेनऊच्या आत कव्हरेज रिपोर्ट पाठवायचा, मग दिवसभर पत्रकारांना फोन. "मॅडम, प्रेस नोट मिळाली का?" हे दिवसातून चाळीस वेळा. पहिली दोन वर्षं ही अशी.

पुढे मात्र रस्ता आहे. एक्झिक्युटिव्ह, सिनियर एक्झिक्युटिव्ह, मग पाच-सहा वर्षांत अकाउंट मॅनेजर. तिथे ६० ते ८० हजार पाहिलेत. त्यानंतर बँका, औषध कंपन्या, बिल्डर यांच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये उडी मारली की पैसा बरा होतो आणि रात्रीचे फोन थोडे कमी होतात. सरकारी बाजूला माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्हा माहिती अधिकारी आहेत, महापालिका आणि बेलापूरला सिडको, कोकण रेल्वे यांचे जनसंपर्क विभाग आहेत. जागा मोजक्या आणि जाहिरात निघेल तेव्हा. अर्ज जरूर करायचा, पण त्या भरवशावर कर्ज काढायचं नाही.

आणि इथे तुमच्या पत्रातली तिसरी गोष्ट, जी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीत. मुलीने शेवटच्या वर्षी परळच्या एका एजन्सीत दोन महिने इंटर्नशिप केली आणि त्यांनी तिला २२ हजारांवर नोकरी देऊ केली. "पोस्ट ग्रॅज्युएशनशिवाय कसली नोकरी" म्हणून तुम्ही नको म्हणायला लावलंत.

हिशोब करा. नोकरी धरली तर दोन वर्षांत साधारण सहा लाख कमावेल आणि तिसऱ्या वर्षी ३० हजारांच्या पुढे असेल, हातात दोन वर्षांची कामं आणि पत्रकारांचे नंबर. कोर्स केला तर साडेनऊ लाख खर्चून दोन वर्षांनी ती ३० हजारांवर सुरुवात करेल. साडेपंधरा लाखांचा फरक, आणि जागा जवळपास तीच. समुपदेशकबाईंना विचारा, ८ लाख किती जणांना मिळाले, आणि सगळे एका रांगेत उभे केले तर मधल्याला किती मिळाले. गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांशी बोलायचंय म्हणा. "डेटा गोपनीय असतो" असं उत्तर आलं, तर समजून जा.

मुलीने त्या एजन्सीला परत फोन करावा. महिना-दीड महिनाच झालाय, लाज कसली. पदवी हवीच असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिनातल्या संज्ञापन व पत्रकारिता विभागात पीआरचं एमए आहे, तिथे फी खासगी संस्थेच्या पुढे किरकोळ. एखाद-दोन वर्षं काम करून मगही करता येईल. आणि तरीही अंधेरीच हवं असा तिचा हट्ट असेल, तर चार लाखांचं कर्ज तिच्या नावावर, उरलेले साडेपाच परत आलेल्या चाइल्ड प्लॅनच्या पैशांतून. एवढ्या कर्जाला तारण लागत नाही. शिकत असताना व्याज तुम्ही भरा, जास्तीत जास्त साडेतीन हजार महिना, नंतर तिचा हप्ता पावणेसात हजार होईल. पहिल्या पगारात तो बसतो.

फोनवर ती मधेच बोलली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंटर्नशिपमध्ये तिला मराठी प्रेस नोट लिहायला बसवत, कारण टीममध्ये दुसऱ्या कुणाला धड येत नव्हती. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून केलेल्या मराठी प्रेस नोटा पत्रकार न वाचता टाकून देतात, हे तिनेच सांगितलं. पगार ठरवताना हा मुद्दा तिने मांडावा. २२ चे २५ व्हायला हरकत नाही.

मुलाच्या दहावीनंतरसाठीही मॅडमनी एक "चाइल्ड एज्युकेशन प्लॅन" सुचवला आहे, त्याचं माहितीपत्रकही तुम्ही जोडलंत. ते मी उघडलं नाही.

एफडीतले पैसे तिथेच राहू द्या, फक्त ती आपोआप नूतनीकरण होणारी आहे का ते बघा आणि तसं असेल तर बंद करा. आणि विमा कंपनीच्या शाखेत अर्जावर शिक्का मारून मिळाला की त्याचा फोटो मला त्याच दिवशी पाठवा, शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असा.