सिस्टीमची फंक्शन्स फोडायची कशी आणि थांबायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीची वरची टाकी आपोआप भरणारी यंत्रणा हा तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट. त्यासाठी फंक्शनल डीकॉम्पोझिशनचं ट्री, म्हणजे यंत्रणेचं मोठं काम छोट्या छोट्या कामांत फोडून दाखवणारी झाडासारखी आकृती, काढलंत आणि गाइडनी 'ही फंक्शन्स नाहीत, हे सुटे भाग आहेत' म्हणून ते परत दिलं. मग फंक्शन म्हणजे नेमकं काय, आणि फोडत फोडत किती खाली जायचं?

गाइडचं बरोबर आहे. तुमच्या ट्रीत पंप, सेन्सर, व्हॉल्व्ह, कंट्रोलर अशी नावं आहेत. त्यांना 'चालवणे' जोडून भागत नाही, कारण पंप चालवायचा म्हटलं की पंप आधीच ठरलेला असतो. यंत्रणेनं काय करायचं ते नाम आणि क्रियापदात लिहा: पाणी उचलणे, पातळी ओळखणे, भरणे थांबवणे. ही रीत जनरल इलेक्ट्रिकमधल्या लॉरेन्स माइल्स यांच्यापासून रुळली. दुसऱ्या महायुद्धात हवा तो माल मिळेना, तेव्हा एखादा भाग नसेल तर त्याचं काम दुसऱ्या कशानं होईल, हा प्रश्न ते विचारू लागले. त्यातूनच 1947 च्या सुमारास तेच काम कमी खर्चात कसं होईल ते शोधणारं व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस उभं राहिलं.

पण इथपर्यंत सगळेच सांगतात. विद्यार्थी अडतात ते पुढे. 'आधी सगळी फंक्शन्स शेवटपर्यंत फोडा, मगच उपाय शोधा' असं वर्गात शिकवलं जातं. माझ्या मते ते होऊच शकत नाही, आणि तसं करायला गेल्यामुळेच ट्रीमध्ये चोरपावलांनी भाग शिरतात.

आपल्या इंदूरचंच पाहा. सगळ्यात वरचं फंक्शन 'शहराला पिण्याचं पाणी पुरवणे'. त्याच्या खालच्या थरात पाणी मिळवणे, शुद्ध करणे, शहरापर्यंत आणणे, साठवणे आणि वाटणे. इथवर कोणताही उपाय ठरवावा लागत नाही. हे पुण्यालाही लागू आहे आणि बडोद्यालाही. आता 'शहरापर्यंत आणणे' फोडा. अडलात ना? कारण पाणी कुठून आणायचं ते ठरल्याशिवाय हे फंक्शन फुटतच नाही. यशवंत सागर किंवा बिलावली या जवळच्या तलावांचं पाणी घेतलं तर खालची फंक्शन्स एक प्रकारची येतात. नर्मदेचं घ्यायचं ठरलं की सगळंच बदलतं. मंडलेश्वरजवळ जलूदला नदी समुद्रसपाटीपासून साधारण 150 मीटरवर, इंदूर 550 च्या आसपास, अंतर सुमारे 70 किलोमीटर आणि मध्ये विंध्याचा घाट. म्हणजे 'पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवणे' आलं. एवढ्या उंच चढलेल्या पाण्याच्या लाइनवर वीज गेली की पाणी उलटं फिरतं आणि नळात दाबाचे धक्के बसतात, म्हणून 'उलटा प्रवाह अडवणे' आणि 'दाबाचा धक्का सोसणे' आलं. ही फंक्शन्स शहराच्या गरजेत कुठेच नव्हती. ती नर्मदा निवडण्याच्या निर्णयातून जन्माला आली.

एमआयटीचे नाम सुह यांनी त्यांच्या डिझाइनच्या पद्धतीत, म्हणजे अ‍ॅक्सिओमॅटिक डिझाइनमध्ये यालाच झिगझॅग म्हटलं आहे: एक थर फंक्शनचा, मग त्यावर उपायाचा निर्णय, मग त्या निर्णयातून पुढचा थर. तुम्ही प्रत्येक थराखाली तो निर्णय एका ओळीत लिहून ठेवा. उद्या निर्णय बदलला तर ट्रीचा किती भाग पुसायचा हे त्या ओळीवरून लगेच कळतं. गाइडनाही नेमकं हेच पाहायचं असणार.

तुमच्या टाकीला हे लावा. 'पाणी वर पोहोचवणे' यासाठी खालच्या हौदातून पंपानं उचलायचं ठरवलंत. आता नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात, म्हणजे हौद कोरडाही असू शकतो. तेव्हा 'हौदात पाणी असल्याची खात्री करणे' हे नवं फंक्शन लागतं, नाहीतर मोटर कोरडी चालून जळेल. तुमच्या ट्रीत ते नाही. तसंच वीज गेली, सेन्सर अडकला, दुरुस्तीसाठी यंत्रणा बंद ठेवली, अशा वेळी काय व्हायला हवं? यंत्रणा सुरळीत चालू असतानाचीच फंक्शन्स लिहायची, ही चूक फार सर्रास दिसते.

एका थरात फार चौकटी करू नका. आयडेफ-झिरो (IDEF0) या फंक्शन्स चौकटींत मांडायच्या पद्धतीत एका आकृतीत तीन ते सहाच ठेवतात, ते सोयीचं आहे. आणि हिशेब जुळवा: वरच्या चौकटीत जे आत येतं आणि बाहेर जातं, तेवढंच खालच्या चौकटींच्या मिळून कडांवर दिसलं पाहिजे. खाली मधेच कुठून तरी 'पातळीचा सिग्नल' उगवला तर तो कोणत्या फंक्शननं दिला ते शोधा.

थांबायचं कुठे? ते फंक्शन एकाच भागाला किंवा एकाच माणसाला सोपवता येतं, आणि ते झालं की नाही हे स्वतंत्रपणे तपासता येतं, तिथे. 'पातळी ओळखणे' एका फ्लोट स्विचनं (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणाऱ्या स्विचनं) होत असेल तर तिथेच थांबा. स्विच बाजारात तयार मिळतो, त्याच्या आतलं फोडायचं काम बनवणाऱ्याचं. तुम्हीच सेन्सर बनवणार असाल तर मात्र ती फांदी आणखी खाली जाईल. सगळ्या फांद्या सारख्या लांबीच्या असायलाच हव्यात असं अजिबात नाही.

ट्री झालं की सगळ्यात खालची फंक्शन्स घेऊन एन-स्क्वेअर तक्ता मांडा, म्हणजे जितकी फंक्शन्स तितक्याच ओळी आणि तितकेच रकाने असलेला चौकोन. फंक्शन्स कर्णावर, त्यांचे आउटपुट आडव्या ओळीत, इनपुट उभ्या रकान्यात. ज्या फंक्शनच्या ओळीत किंवा रकान्यात काहीच भरता येत नाही, ते एकतर अनावश्यक आहे किंवा त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध लिहायचा राहिला आहे. गाइडकडे परत जाण्याआधी एवढं नक्की करा.