बाल्कनीतला मिक्सर आणि अकरावीतला रॉकेटवेडा

कोथरूडच्या एका आईचं पत्र, थोडक्यात: ‘मुलगा अकरावी सायन्सला आहे. वर्षभर रॉकेटचं वेड. आता रॉकेटच्या मोटरमधलं, म्हणजे ज्या नळीत इंधन जळतं तिच्यातलं, घन इंधन घरीच साच्यात ओतून बनवायचं म्हणतो. जुन्या बाजारातून व्हॅक्यूम पंप आणलाय, माझा जुना मिक्सर मागून घेतलाय, साच्याचं चित्र भिंतीवर लावलंय. रसायन ऑनलाइन मागवणार आहे. ह्यांचं म्हणणं, सगळं भंगारात घाला. मला वाटतं, पोरात काहीतरी आहे. त्याला करू द्यावं का? आणि यात करिअर आहे का?’

नमस्कार ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो, भरपूर’. दोन्ही उत्तरं त्याला एकाच बैठकीत सांगा, नाहीतर तो फक्त पहिलं ऐकेल.

घन इंधनात जळणारा पदार्थ आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारं रसायन एकाच लगद्यात मळलेलं असतं. त्यामुळे एकदा पेटलं की हवा तोडून ते विझवता येत नाही. पेटायला घर्षण, कपड्यांवरची स्थिर वीज, एखादी ठिणगी पुरते. घरच्या मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. रात्री दिवे घालवून रिकामा मिक्सर चालवा आणि खालच्या फटींतून बघा, निळसर ठिणग्या दिसतील. हे त्याला प्रत्यक्ष दाखवा, तासभराच्या उपदेशापेक्षा लवकर पटेल. कारखान्यात हे मिश्रण माणसं दूर बसून यंत्रानं करतात, इमारतीभोवती मातीचे बांध असतात. एवढं करूनही फेब्रुवारी 2004 मध्ये श्रीहरिकोटाच्या घन इंधन केंद्रात लागलेल्या आगीत 6 जणांचा जीव गेला. बाल्कनीला तर बांधही नाही आणि खाली शेजाऱ्यांचं कपडे वाळत घालायचं स्टँड.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि मुलं ही कधीच लक्षात घेत नाहीत. 1884 च्या स्फोटक कायद्याखाली परवान्याशिवाय असा पदार्थ बनवणं हा गुन्हा आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. परवाने देणारं खातं ‘पेसो’, मुख्यालय नागपूरला. ‘हौस म्हणून, थोडंसंच’ अशी घरगुती सवलत त्यात नाही. इस्रो किंवा डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या नोकरीआधी पोलिस पडताळणी होते. ज्या दारातून आत जायचं, त्याच दारावर स्वतःच्या नावाची नोंद कशाला करून ठेवायची?

रसायन आलेलं असेल तर पाकीट फोडू नका, विक्रेत्याला परत करा. मोरीत ओतणं, जाळणं, कचऱ्याच्या गाडीत टाकणं यातलं काहीही नको. चुकून काही कालवलं गेलं असेल तर हात न लावता खोली बंद करा आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

आता मुलाकडे येऊ. व्हॅक्यूम पंप आणणारा मुलगा नुसत्या जाळापाठी नाही. ओतलेल्या लगद्यात हवेचे बुडबुडे राहिले तर इंधन समान जळत नाही, हे त्याला कळलेलं दिसतं. हा पॉलिमरचा विषय आहे आणि तो साध्या इपॉक्सी रेझिनवरही शिकता येतो. पण अकरावीत त्याला त्याहून उपयोगी काम सांगते: रेटा (थ्रस्ट), म्हणजे रॉकेटला ढकलणारा जोर, मोजायचं यंत्र. मोटर म्हणून पाण्याचं रॉकेट वापरायचं.

बाटली कोल्ड्रिंकची, 2 लिटरची. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. ओरखडा पडलेली किंवा उन्हात राहिलेली बाटली सरळ टाकून द्यायची. पंख सनपॅक शीटचे, तीन. ते ग्लू गननं चिकटवू नयेत. गरम गोंदानं प्लास्टिक मऊ होतं आणि बाटली नेमकी तिथेच फुटते. बाटलीत हवा भरायला पीव्हीसी पाइप. अर्ध्या इंची पाइपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी असतो, बाटलीच्या तोंडात तो जवळपास घट्ट बसतो, एका ओ-रिंगनं गळती थांबते. पाइप बोहरी आळीत मिळेल. हवा सायकलच्या गेजवाल्या पंपानं, 60 पीएसआयच्या वर नाही. आधी बाटली काठोकाठ पाण्यानं भरून 90 पीएसआयला तपासायची. पाणी दबत नसल्यामुळे भरलेली बाटली फुटली तरी नुसती चिरते. हवेनं भरलेली फुटली तर तुकडे उडतात. बाटली सोडायला ओढायची दोरी 10 मीटर लांब, डोळ्यांवर गॉगल.

यंत्रासाठी लागतं ते 20 किलोचं लोडसेल (वजन मोजणारी धातूची पट्टी), तिचे आकडे वाचणारा एचएक्स 711 बोर्ड आणि ते नोंदवणारा अर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड. तिन्ही बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास मिळतात. खरं शिक्षण पुढच्या चुकांत आहे.

पहिली चूक, बाटलीचं तोंड वर करून बसवणं. मग पाणी तळाशी राहतं, हवा आधी निघून जाते आणि रेटा जेमतेम येतो. तोंड खालीच हवं. बाटलीचा बूड वरच्या चौकटीला लावलेल्या लोडसेलला ढकलेल अशी रचना करावी. सेलवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, फवारा कुठे जाईल याचा नेम नाही.

दुसरी चूक, सेल फळीला सपाट आवळणं. त्याची पट्टी वाकली तरच आकडा बदलतो. एका टोकाखाली वॉशर घालून दुसरं टोक मोकळं ठेवायचं.

तिसरी चूक भल्याभल्यांकडून होते. पूर्ण उघड्या तोंडातून 4 बार (साधारण 60 पीएसआय) दाबाला सुरुवातीचा रेटा साधारण 30 किलोचा असतो, म्हणजे 20 किलोचा सेल गेलाच. शिवाय 600 मिली पाणी 0.07 सेकंदात संपतं. एचएक्स 711 बोर्ड बहुतेक वेळा सेकंदाला 10 नोंदींवर लावलेला येतो. आलेखात एक ठिपका उमटतो, कधी तोही नाही, आणि मुलगा म्हणतो बोर्ड खराब आहे. उपाय दोन. बोर्डाची ‘रेट’ पिन ग्राउंडपासून सोडवून व्हीसीसीला (वीजपुरवठ्याच्या पिनला) जोडली की सेकंदाला 80 नोंदी मिळतात. आणि बाटलीच्या तोंडाला 9 मिमी भोकाचं बूच लावलं की रेटा 5 किलोवर येतो आणि वेळ 0.4 सेकंदांवर जातो. आता 30 ठिपके मिळतात, वक्ररेषा दिसते.

आधी 1, 2 आणि 5 किलोची मापं लावून सेल तपासायचा. उडवताना पाण्याचं वजनही कमी होत जातं, ते गणितात धरायचं. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण आवेग. तो 14 न्यूटन-सेकंदांच्या आसपास यायला हवा. हौशी मोटरांच्या वर्गवारीत 10 ते 20 हा ‘डी’ वर्ग. ठिणगीसुद्धा न पाडता त्यानं डी वर्गाची मोटर चालवलेली असेल! 14 ऐवजी 8 किंवा 9 असं उत्तर आलं तर चूक कुठे, हे शोधायला महिना गेला तरी जाऊ द्या.

आता करिअर. त्याचा मूळ विषय तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. सुतारवाडीची एचईएमआरएल ही डीआरडीओची प्रयोगशाळा याच रसायनांवर काम करते, तिचं केंद्र नाशिकलाही आहे. गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेत एम.टेक. होतं. तिथवर जायचा रस्ता बारावीला गणितासह पीसीएम, मग केमिकल, मेकॅनिकल किंवा पॉलिमर इंजिनिअरिंग, नाहीतर रसायनशास्त्रात एम.एस्सी. डीआरडीओची शास्त्रज्ञ भरती अनेक शाखांत ‘गेट’ या इंजिनिअरिंगच्या परीक्षेतल्या गुणांवर होते, म्हणून पदवीचं तिसरं वर्ष हलक्यात घेऊ नये. थेट अवकाश हवा असेल तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश तंत्रज्ञानाची संस्था, प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डवरून. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट उडाल्यापासून खासगी कंपन्यांतही जागा निघू लागल्या आहेत. त्यात वरच्यासारखी मोजमापं करून दाखवणाऱ्याला कोरड्या टक्केवारीपेक्षा जास्त भाव असतो.

मार्क कमी पडले तर आणखी एक वाट आहे, ती पालक सहसा ऐकून सोडून देतात. आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा ट्रेड. खडकीच्या स्फोटक कारखान्यांत या ट्रेडच्या मुलांना घेतात, आणि ज्या कामाला आज मी ‘नाही’ म्हटलं ते ती परवान्यासह, प्रशिक्षण घेऊन, पगारावर करतात.

व्हॅक्यूम पंप भंगारात घालू नका. रेझिनमधले बुडबुडे काढायला तो लागेल. मिक्सर मात्र स्वयंपाकघरात परत आणा.