शनिवार-रविवार लागोपाठ फुटबॉल बघणारे खरंच सगळ्या मॅच बघतात का? आणि घरचे काही म्हणत नाहीत?

सगळ्या नाही हो. हे आधीच कबूल करतो, कारण तुमचा प्रश्न वाचून वाटलं की तुमच्या घरात माझ्यासारखा कोणीतरी आहे आणि तो तुम्हाला शेंड्या लावतोय. दोन दिवसांत सहा मॅच 'बघितल्या' म्हणणारा माणूस एक मॅच धड बघतो, दुसरी जेवता जेवता, तिसरी डुलक्या काढत. उरलेल्यांचे नुसते गोल.

मी सोलापूरचा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. टीम आर्सेनल, लंडनची. ठरवून निवडली वगैरे नाही. २००३ साली केबलवर मॅच लागली होती, त्यांचा स्ट्रायकर हेन्री पळताना दिसला आणि बसलो. त्या मोसमात आर्सेनलने ३८ पैकी २६ मॅच जिंकल्या, १२ बरोबरीत सुटल्या, हरली एकही नाही. मला वाटलं फुटबॉल असाच असतो. पुढे त्याची व्याजासकट वसुली झाली.

आता वेळेचं गणित, कारण घरातली निम्मी भांडणं त्यावरूनच. शनिवारी तिकडे इंग्लंडमध्ये दुपारी साडेबारा, तीन आणि साडेपाच या ठरलेल्या वेळा. आपल्याकडे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचे संध्याकाळचे पाच, साडेसात आणि रात्रीचे दहा होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्रज घड्याळ तासाने मागे घेतात, की आपले सहा, साडेआठ आणि अकरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पूर्ववत. एखादा अख्खा देश घड्याळ मागे करतो हे आईला अजून पटलेलं नाही. "परवापर्यंत साडेनऊला सुटत होती की रे तुझी मॅच," म्हणते. मी मालिका चुकवायला थाप मारतोय असा तिचा पक्का समज आहे. आणि स्पेनची रात्रीची मॅच थंडीत दीड वाजता सुरू होते. ती बघणाऱ्याला माझा नमस्कार, माझं वय झालं.

एक गंमत सांगतो, बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. शनिवारी दुपारी तीनच्या मॅच खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवतच नाहीत. पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणाला बंदी, तीही १९६० च्या दशकापासून. मोठ्या क्लबांची मॅच घरबसल्या दिसायला लागली तर खालच्या डिव्हिजनच्या छोट्या क्लबांची तिकिटं कोण काढणार, हे त्यामागचं कारण. म्हणजे स्टेडियमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला तिकीट मिळालं नाही तर त्याने रेडिओ ऐकायचा, आणि मी अक्कलकोट रोडला लुंगी लावून तीच मॅच बघायची.

अशाच एका तीनच्या मॅचने मला शहाणं केलं. ५ फेब्रुवारी २०११, न्यूकॅसलच्या मैदानावर. आपल्याकडे साडेआठ. पहिल्याच मिनिटात आमच्या वॉलकॉटचा गोल, दहा मिनिटांत तीन, सव्विसाव्या मिनिटाला चौथा. हाफटाइमला ४-०. आईने ताट वाढलं होतं, कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही. मी मोठ्या मनाने रिमोट तिच्या हातात दिला आणि निवांत जेवलो. भाकरी दह्यात कुस्करून मऊ व्हायला वेळ लागतो, मला घाई नव्हती. हात धुतोय तर मित्राचा फोन, "काय बे, बघालास का नाही? चार-चार झाले." मला वाटलं खेचतोय. हाफटाइमनंतर पाच मिनिटांत आमच्या दिआबीला रेड कार्ड, मग न्यूकॅसलच्या बार्टनच्या दोन पेनल्टी, मध्ये बेस्टचा एक, आणि सत्त्याऐंशीव्या मिनिटाला टिओटेने बॉक्सच्या बाहेरून हाणलेला चौथा. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्ये बघितलं. तेव्हापासून कितीही पुढे असलो तरी रिमोट सोडत नाही. ताट टीव्हीसमोर येतं.

घरच्यांचं म्हणाल, तर ते मॅचला काही म्हणत नाहीत, पाणी चुकवलं तर म्हणतात. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ते दहाच्या मॅचलाच येतं असा माझा अनुभव आहे. मग मोटार लाव, पाइप ओढ, बॅरल भर, वरची टाकी बघ. टीव्हीचा आवाज मोठा करून ठेवतो आणि बॅरलपाशी उभा राहून ऐकतो. इतक्या वर्षांत कान तयार झालाय. यजमानांचा गोल व्हायचा असेल तर आवाज हळूहळू चढत जातो आणि फुटतो. पाहुण्यांचा झाला तर सगळं एकदम चिडीचूप, फक्त एका कोपऱ्यातून ओरडा येतो. चढलेला आवाज 'ओऽह' करून खाली पडला तर बॉल बारच्या वरून गेला. पूर्वी गोलचा आवाज आला की पाइप टाकून आत धावायचो आणि अंगणात तळं व्हायचं, त्यावरून बोलणीही खाल्लीत. २०१९ मध्ये व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं, आल्यापासून धावत नाही. गोल खरा की खोटा हे ठरेपर्यंत बॅरल भरतं.

रविवारी मॅच संध्याकाळी साडेसहा-साडेसातशिवाय नसते, त्यामुळे सकाळ पूर्ण घरच्यांची. मटण आणणं, दळण, मुलीचं गणित, सासरचा फोन, सगळं दुपारी चारच्या आत उरकायचं. हे ज्याला जमतं त्याचा संसार टिकतो. कोल्हापूरकरांचं बरं आहे, शाहू स्टेडियमवर जाऊन आपल्या पेठेच्या टीमसाठी घसा फोडता येतो, अख्खं घर सोबत असतं. आमचं गाव क्रिकेटचं. इथे रात्री अकराला गोल झाला म्हणून ओरडलं तर शेजारी दार वाजवून विचारतात, सगळं ठीक आहे ना.

वर्षातून एकदा मात्र फुटबॉलला माघार घ्यावी लागते, आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला. १४ जानेवारी २०१८, रविवार, संक्रांत. यात्रा भरते त्या होम मैदानावर मुंगीला वाट नाही, आणि तिकडे आर्सेनलची बोर्नमथशी मॅच. घरी थांबायचा विषय काढायची सोय नव्हती. पाळण्याच्या रांगेत एका हातात मुलीचं बोट, दुसऱ्या हातात मोबाइल. रेंज येते-जाते. पाळण्यात बसताना स्कोअर दिसला, आर्सेनल १-० पुढे. बायकोला म्हटलं, चला, आज सणाचा दिवस साजरा झाला. वरून सिद्धेश्वराचं देऊळ, तळं, सगळी रोषणाई बघितली, मुलीने दोनदा किंचाळून घेतलं. सत्तराव्या मिनिटाला एक आणि चौऱ्याहत्तराव्याला दुसरा, असे दोन गोल बोर्नमथने त्या चार मिनिटांत केले होते. खाली उतरून मोबाइल बघितला आणि तिथेच उभा राहिलो.

"काय ओ, चक्कर आली का?" बायकोने विचारलं.

हो म्हणालो.