बारावी झाली, पोरं गेली कुठे?

प्रश्न : मी वाळपईजवळच्या एका हायर सेकंडरीत शिकवते. निकाल चांगला लागतो, पण पुढे बरेच मुलगे पिसुर्ले-होंड्याच्या कंपन्यांत कंत्राटावर लागतात आणि मुली घरी बसतात. करिअर मार्गदर्शनाची व्याख्यानं ठेवून पाहिली, फरक पडला नाही. तुम्ही निवृत्तीपर्यंत हेच काम केलंत. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : बाई, व्याख्यानं आधी बंद करा. पाहुणा 'मोठी स्वप्नं पाहा' म्हणतो आणि शाल-श्रीफळ घेऊन पणजीला परततो. पोराचं घोडं अडलेलं असतं मामलेदार कचेरीत.

अकरावीतच एकेकाचे कागद मागवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. आडनाव गावकर, जन्मदाखल्यावर इंग्रजीत 'ओ', शाळेच्या दाखल्यावर 'यू', आधारवर तिसरंच काहीतरी. हे निकालानंतर लक्षात आलं की अ‍ॅफिडेव्हिट करण्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला यांचंही तेच. गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तरी पोराच्या नावाचा दाखला काढलेला नाही अशी घरं मला दरवर्षी भेटायची.

मुलींचं निराळं. एकीच्या वडिलांना मी पदवीचे फायदे सांगत बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चली घरा केन्ना पावतली?" म्हणजे, मुलगी घरी कधी पोचणार? दुसऱ्या दिवशी साखळी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या. साखळीचं सरकारी कॉलेज किती वाजता सुटतं, कुठली कदंबा, म्हणजे सरकारी बस, मिळते, ती चुकली तर पुढची कधी, हे सगळं एका कागदावर. ती मुलगी बी.एस्सी. झाली. आता पदवी चार वर्षांची झाल्यामुळे पालक आणखी बिचकतात. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कंपनीत लागलेल्या मुलग्यांवर रागावू नका. घरात पगार हवा असतो, त्याला आपल्याकडे उत्तर नाही. पण ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याला दहावीलाच हेरा. मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. फर्मागुडीचं कॉलेज काही लांब नाही. फीची धास्ती असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा अर्ज पालकांसोबत बसून भरा. नुसता हातात दिलात तर तो देव्हाऱ्यामागे जातो.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो : सुट्टीत हे सगळं करण्याची ड्युटी लीव्ह मिळत नाही.