जहाजाच्या धुरातला कार्बन जहाजावरच पकडता येतो का?

तुम्ही डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय, की न्हावा शेव्याला येणारी जहाजं आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड जहाजावरच पकडू शकतील का, की ही नुसती धूळफेक आहे. मी नेरुळचा, बारा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत. पकडता येतो. पण किती, हे वाया जाणाऱ्या उष्णतेवर ठरतं, आणि तेच सहसा कोणी सांगत नाही.

धूर थंड करून उंच टाकीतून वर सोडतात, वरून अमाइनचं, म्हणजे अमोनियाच्या जातकुळीतल्या रसायनाचं, द्रावण पडत असतं. गार द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, 120 अंशांच्या आसपास तापवलं की सोडून देतं. सुटलेला वायू दाबून, गार करून, द्रवरूपात साठवायचा. सगळी मेख त्या तापवण्यात आहे. एक टन वायू सोडवायला साधारण साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते. त्यासाठी वेगळं तेल जाळलं, तर त्याचा धूर आणखी वाढणार.

म्हणून चिमणीकडे बघायचं. तेलातली जवळपास निम्मी ऊर्जा प्रोपेलरला मिळते, पाव हिस्सा धुराबरोबर जातो. फनेलमध्ये, म्हणजे या चिमणीत, इकॉनॉमायझर असतो: नळ्यांचं जाळं, बाहेरून धूर, आत पाणी, त्याची वाफ होते. वॉचवर, म्हणजे इंजिनरूमच्या पाळीत, मी दोन आकडे न चुकता लॉगबुकात लिहायचो, धूर आत येताना 240 अंश, बाहेर पडताना 165. दुसरा आकडा चढायला लागला की समजायचं, नळ्यांवर काजळी बसली. लगेच सूट ब्लो करायचं, म्हणजे झोत मारून काजळी उडवायची. हयगय केली तर ती काजळी पेटते, आणि अशा आगीत नळ्यासुद्धा वितळतात. जड तेलावर, म्हणजे जहाजांच्या घट्ट, गंधकयुक्त इंधनावर, 160 च्या फार खाली मात्र जाता येत नाही. धुरातल्या गंधकाचं आम्ल होऊन ते लोखंड खातं.

आता हिशेब. रोज 30 टन जड तेल जाळणारं जहाज घ्या. टनामागे 3.114 टन, म्हणजे दिवसाला 93 टन कार्बन डायऑक्साइड. तेलातली ऊर्जा 1200 गिगाज्यूल, धुरात 300, त्यातली 160 अंशांपर्यंत हाती लागणारी शंभरेक. तिला साडेतीनने भागा: 28-29 टन. तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम, आणि त्याच वाफेवर जड तेलाच्या टाक्याही गरम ठेवायच्या असतात. नव्वद टक्के पकडू म्हणणाऱ्याला आधी विचारा, उष्णता कुठून आणणार?

जागाही लागते. हवेतला ऑक्सिजन जोडला गेल्यामुळे वायूचं वजन तेलाच्या तिप्पट भरतं. रोज 25 टन पकडला तर वीस दिवसांत 500 टन, तेवढा माल कमी.

तरी मला हे काम मोलाचं वाटतं. आज धावणारी जहाजं अजून वीस वर्षं तेलच जाळणार आहेत. 2021 मध्ये जपानच्या ‘कोरोना युटिलिटी’ या कोळसावाहू जहाजावर छोटी चाचणी झाली, 2025 मध्ये नॉर्वेच्या ‘क्लिपर एरिस’ या गॅसवाहू जहाजावर पूर्ण आकाराची यंत्रणा बसली. बंदरात हा वायू उतरवून घेणारी टाकी आणि पुढे जमिनीखाली जिरवायची सोय मात्र हवीच.

प्रोजेक्टसाठी ओळखीच्या एखाद्या मरीन इंजिनिअरकडून इकॉनॉमायझरच्या त्या दोन तापमानांचे महिनाभराचे आकडे मागून घ्या. हिशेब अडला तर इथेच विचारा, मी बघून देईन.